वडिलांची दाढी

उस्ताद हे त्याला थट्टेत पडलेलं नाव. मिसरूड फुटायच्या वयात त्याने वडिलांच्या दुकानात पहिल्यांदा वस्तरा हातात घेतला आणि एका सोशिक गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. त्या गृहस्थांनी आरशात बराच वेळ बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "वा, उस्ताद!" सगळं दुकान हसलं. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे हात असा बसला की लोक तेच नाव मनापासून घ्यायला लागले. दाढी करताना गिऱ्हाईक घोरायला लागलं की समजायचं, खुर्चीमागे उस्ताद उभा आहे.

दुकान म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या आणि चपलांच्या दुकानांमधली एक अरुंद खोली. दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, त्याच्या कडेने पारा उडून पडलेले तपकिरी डाग. दाराजवळची खुर्ची वडिलांची, म्हणजे नानांची. नानांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, तेव्हापासून त्या खुर्चीवर दुसरा कारागीर काम करायचा. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो सकाळी सुरू झाला की कुलूप लावेपर्यंत बंद व्हायचा नाही. उस्ताद बोलायला कमी. त्यामुळे जोडी छान जमली होती.

नाना घरी असायचे, दुकानामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीखालच्या पलंगावर. एक दिवसाआड सकाळी दुकान उघडण्याआधी उस्ताद त्यांची दाढी करायचा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गालांना हात लावलेल्या माणसाला आपल्या गालावरचे खुंट सहन व्हायचे नाहीत. दाढी झाली की नाना चालत्या डाव्या हाताने हनुवटीखालून तपासणी करायचे आणि खालच्या जबड्यापाशी हटकून थांबून म्हणायचे, "इथं राहिलं." राहिलेलं नसायचं. तरी उस्ताद तिथे एक हात फिरवायचा. बापलेकांचं दिवसभराचं बोलणं एवढंच, आणि दोघांनाही ते पुरायचं.

ज्या दिवशी हे सुरू झालं तो अगदी साधा दिवस होता. दुपारची वेळ, खुर्चीत कोर्टातला कारकून, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. वस्तरा गळ्यावर असताना कारकून शिंकला. उस्तादचा हात आपोआप वर उचलला गेला. या धंद्यात शिंक, उचकी आणि हसू यांना हात डोळ्यांच्या आधी ओळखतो. तरी एक ओरखडा उठलाच, दोऱ्याएवढा. उस्तादने तुरटी फिरवली. कारकून म्हणाला, "आज वाचलो बुवा!" रेडिओने त्यावर आणखी काहीतरी जोडलं आणि तिघेही हसले.

मग उस्तादने पुन्हा वस्तरा टेकवला आणि त्याच्या मनात आलं, हात उचलला नसता तर?

एवढ्यावर थांबलं असतं तर काही नव्हतं. असं कुणाच्याही मनात येतं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, पहिल्याचा हात धरून आल्यासारखा: आणि आता मुद्दाम दाबलास तर?

विचार त्याच्याच आवाजात आला होता. मानेखालून थंड पाण्याचा ओघळ गेल्यासारखं वाटलं. समोर कारकुनाचा गळा, साबणाच्या फेसात उघडा, त्यातली शीर हळूहळू उडतेय. उस्तादने कशीबशी दाढी आटपली आणि मागच्या मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आरशात बघायचं त्याने टाळलं.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत मान टाकून बसलं आणि विचार हजर. तिसऱ्या दिवशी तो गिऱ्हाईक येण्याआधीच येऊन बसलेला होता. उस्तादने त्याला हाकललं, शिव्या दिल्या, देवाचं नाव घेतलं, मनात पाढे म्हटले. माशीला जितकं हाकलावं तितकी ती नाकावरच येऊन बसते, तसं झालं. आणि विचाराबरोबर चित्रं यायला लागली. चित्रांबद्दल त्याने पुढे कुणालाच नीट सांगितलं नाही, म्हणून आपणही ती सोडून देऊ.

"मनगट दुखतंय," असं सांगून त्याने दाढ्या रेडिओकडे दिल्या. स्वतः नुसते केस कापायला लागला. मग कातरीचीही भीती वाटायला लागली, तेव्हा नुसतं मशीन. मग एके दिवशी मशीनही ठेवलं आणि बाकावर बसून तो कंगवे धुवायला लागला. धुतलेले कंगवे पुन्हा धुवायला लागला. रेडिओ म्हणाला, "उस्ताद, आता त्या कंगव्यांना सर्दी होईल." उस्ताद हसला नाही. रेडिओचं बोलणं त्या आठवड्यात पहिल्यांदाच थोडं कमी झालं.

घरी तर आणखी वाईट. त्याला एक मुलगी होती, शाळेत जाणारी, बोलण्यात आईची आई. ठेंगणी म्हणून सगळे तिला टिचकी म्हणायचे. सकाळी बायको तिच्या वेण्या घालायला बसली की टिचकीची मान उघडी पडायची, मागे बारीक लव असलेली. एका सकाळी सुरी कांद्याच्या बाजूला पडलेली होती. उस्तादने सुरी बघितली, मान बघितली, आणि चहाचा कप तसाच टाकून खाली उतरला. पायांत चपलाही नव्हत्या. त्या दिवसापासून वेण्यांच्या वेळी तो घरात थांबेनासा झाला. मुलीला जवळ घेईनासा झाला. ती मांडीवर यायला लागली की हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. "बाबा, तुझे हात कुठे गेले?" ती विचारायची. तिला तो खेळ वाटायचा.

आणि नानांची दाढी. "उद्या करू नाना." दुसऱ्या दिवशी, "आज घाई आहे." मग सांगणंही बंद झालं. दाढी वाढत गेली, पांढरी, खरखरीत, एका बाजूला चेपलेली. तिच्यात भाताची शितं अडकायची. नानांना खाज सुटायची आणि डावा हात उजव्या गालापर्यंत नीट पोहोचायचा नाही. बायको ओल्या फडक्याने पुसायची. तिने एकदा सुचवलं, "मी करू का तुमची दाढी?" नानांनी मान हलवली. घरात पोरगा उस्ताद असताना सुनेकडून दाढी करून घ्यायची, असलं उसनं काम त्यांना नको होतं. त्यांनी मनाशी एक अर्थ लावून टाकला होता, तो एकदा सुनेला बोललेही, शब्द चघळत चघळत: "त्याला माझी किळस यायला लागलीय."

बायको मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. दिवसभर वाफेत उभं राहून चादरी काढायच्या, घड्या घालायच्या. तिथे राहून माणसाच्या अंगातून काय काय बाहेर येतं ते तिला चांगलं माहीत झालं होतं. तिला कशाची सहसा किळस यायची नाही आणि कशाचं सहसा नवलही वाटायचं नाही. पण एके दिवशी कामावरून येऊन ती भाजी चिरायला बसली तर घरात एकही सुरी नाही. शोधाशोध केल्यावर कळलं, सगळ्या सुऱ्या, कातऱ्या, अगदी टिचकीच्या दप्तरातलं पेन्सिलीला टोक काढायचं पातंसुद्धा, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली नवऱ्याच्या खिशात.

"हे काय नवीन?" तिने विचारलं.

"पोर घरात आहे. लागेल कुठेतरी."

"पोर काल जन्मली का?"

 त्याच आठवड्यात तो दुकानात झोपायला लागला. बायकोच्या मनात पाल चुकचुकली. नवरा घरात झोपत नाही, नजर चुकवतो, अंगाला हात लावू देत नाही. बाईमाणूस याचा एकच अर्थ लावते. एका दुपारी रेडिओ जेवायला गेलेला बघून ती दुकानात शिरली आणि दार लावून घेतलं.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

उस्तादला क्षणभर प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि त्याला वाटलं, हो म्हणून टाकावं. दुसरी बाई असती तर किती बरं झालं असतं. भांडण झालं असतं, रडारड झाली असती, मिटलंही असतं.

"कुणी नाही गं."

"मग काय झालंय? दारू? अहो, बोला ना. मी काय परकी आहे?"

तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. खाली बघत त्याने सांगितलं. वस्तऱ्याचं सांगितलं, नानांचं सांगितलं. टिचकीवर आला तेव्हा हात आणखी आत दाबले. "तिची मान दिसते," एवढंच म्हणाला, आणि पुढे, "मी काही करणार नाही. पण मला खात्री वाटत नाही. मला माझी खात्रीच वाटत नाही."

बायको उभी होती ती तशीच उभी राहिली. त्याने वर बघितलं, तेव्हा तिचा चेहरा त्याच्याकडे वळलेला होता पण डोळे दाराच्या कडीवर होते.

"मी पोरीला घेऊन ताईकडे जाते," ती शेवटी म्हणाली. "थोडे दिवस."

"जा."

"नानांचं काय?"

"मी आहे ना," तो म्हणाला, आणि त्या शब्दांचा दुसरा अर्थ दोघांनाही एकदमच ऐकू आला. नानांना जिना उतरवणं शक्य नव्हतं. बायकोने ओठ आवळले, पेटीची किल्ली त्याच्याकडून मागून घेतली, आणि शेजारच्या काकूंना मधूनमधून डोकवायला सांगून संध्याकाळी टिचकीचा हात धरून निघून गेली. जिन्यातून पोरीचा आवाज येत होता, "पण बाबा का येत नाही?" उत्तर ऐकू आलं नाही.

माणूस कुणाला सांगत नाही तोवर त्याला एक आशा असते, की सांगितलं तर समोरचा म्हणेल, वेडा आहेस का, असं काही नसतं. उस्तादची ती आशा त्या संध्याकाळी संपली. जी बाई त्याला सगळ्यात जास्त ओळखत होती, तीच पोरीला उचलून निघून गेली होती. म्हणजे खरंच आपण तसे आहोत, असं त्याने धरून टाकलं.

आता घरात दोघेच. ज्याला हलता येत नाही असा बाप आणि ज्याला स्वतःच्या हातांची भीती वाटते असा मुलगा. उस्ताद नानांना चमच्याने भरवायचा, पुसायचा, कूस बदलून द्यायचा, आणि काम झालं की खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला टेकून बसायचा. नानांच्या अंगावरची चादर ओढतानासुद्धा ती गळ्यापर्यंत न्यायचा नाही, छातीवरच सोडायचा.

एका सकाळी त्याने नानांचं सगळं आवरलं, पाण्याचं भांडं डाव्या हाताशी ठेवलं आणि बाहेर पडला. दुकानाकडे न जाता नदीवरच्या पुलाकडे गेला. त्याचा हिशेब सरळ होता. कुत्रं पिसाळलं की लोक काय करतात? मग माणसाने स्वतःच ते ओळखावं, दुसऱ्यावर वेळ आणू नये. पुलावर वाऱ्यात कठड्याला धरून तो उभा राहिला. मागून गाड्या जात होत्या, कुणी थांबलं नाही. खाली पाणी गढूळ होतं. त्याला रडू येत नव्हतं, भीती वाटत नव्हती, आणि त्या वेळी किती शांत वाटत होतं, हे पुढे आठवलं की त्याच्या अंगावर काटा यायचा.

तेवढ्यात त्याला आठवलं की नानांना लघवीला बसवायची वेळ होत आलीय. काकू डोकावतील, पण काकूंसमोर नाना ते मागणार नाहीत, तसेच कळा सोसत पडतील, मग अंथरुणातच होईल आणि म्हातारा शरमेने डोळे मिटून घेईल. पोरगी नाही आठवली, बायको नाही आठवली, देव तर नाहीच. ते लघवीचं भांडं आठवलं. उस्ताद वळला आणि जवळजवळ धावतच घरी आला.

नाना जागे होते. सगळं झाल्यावर उस्ताद नेहमीप्रमाणे भिंतीकडे निघाला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बस," ते म्हणाले. "इथं."

तो पलंगाच्या कडेला बसला.

"सून गेली. माझ्यामुळं?"

"नाही नाना."

"मग किळस येते ना माझी? खरं सांग. मी समजून घेईन."

उस्तादला ते ऐकवेना. बापाने इतके महिने हे उराशी धरलं होतं हे त्याला तेव्हा कळलं. तो बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. पुलापर्यंत सगळं. नाना छताकडे बघत ऐकत होते. त्यांचा अर्धा चेहरा हलायचा नाही, त्यामुळे काय वाटतंय ते कळायला मार्ग नव्हता. 

"म्हणजे," नाना सावकाश म्हणाले, "तुला वाटतं तू मला मारशील."

"हो."

"मला?" नानांच्या घशातून कसलासा आवाज आला. उस्ताद घाबरून वाकला, आणि मग त्याला समजलं, ते हसत होते. "अरे, मारायचाच होता तर मी तुला सायकल दिली नाही तेव्हा मारायचास. आता मारून काय मिळणार? हा पलंग?"

उस्तादला हसू आलं नाही. पण किती तरी आठवड्यांत पहिल्यांदा छातीत हवा खोलवर गेली.

"मन चिंती ते वैरी न चिंती," नाना म्हणाले. वाक्य संपवताना त्यांना धाप लागली. "मला यातलं काही कळत नाही पोरा. हे असलं कधी ऐकलं नाही. तू दाढी कर म्हणतो, तर करशील?"

"नाही. आत्ता नाही. मला जमणार नाही."

"बरं. राहू दे. दाढी कुठे पळून जातेय?" त्यांनी सदरा सोडला नाही. "पण पुलावर जायचं नाही. माझं भांडं कोण देईल?"

बायको परतली ती एकटीच, टिचकीला ताईकडे ठेवून. दारात उभी राहून आधी तिने नानांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"मी घाबरले होते," ती म्हणाली. "खोटं बोलत नाही. अजूनही घाबरलेलीच आहे. पण तिथे बसून बसून एक आठवलं. तुम्ही सुऱ्या लपवल्या होत्या. ज्याला सुरी चालवायची असते तो ती लपवतो की उशाशी ठेवतो?" ती थांबली. "आमच्या इस्पितळात मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत. मी जाऊन आले त्यांच्याकडे. उद्या तुम्हाला न्यायचंय."

"वेड्यांच्या डॉक्टरकडे?"

"पुलापेक्षा जवळ आहे," बायको म्हणाली. बापलेकांचं बोलणं काकूंनी भिंतीआडून ऐकून तिला कळवलं असावं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीबाहेर लांब बाक होता आणि बाकावरचे सगळे एकमेकांकडे न बघता बसले होते. बाई वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवलेला, जरा उतावळ्या. उस्ताद अडखळत बोलत होता तेव्हा त्यांनी दोनदा तोडलं आणि भलतेच प्रश्न विचारले: राग येतो का? कधी कुणावर हात उगारलाय? आवाज बाहेरून येतो की स्वतःचाच असतो? विचार आला की बरं वाटतं की वाईट?

"बरं?" उस्ताद ओरडलाच. "बाई, माझं रक्त गोठतं."

"म्हणूनच विचारलं. हा आजार आहे. खूप जणांना असतो. कुणी सांगत नाही, म्हणून प्रत्येकाला वाटतं की जगात आपणच एकटे राक्षस. नव्या आया येतात माझ्याकडे, तान्ह्या बाळाला गच्चीवर न्यायला घाबरतात. माणसाला जे सगळ्यात प्रिय असतं ना, नेमका त्यालाच हा आजार धरतो."

"म्हणजे माझ्या हातून तसं काही होणार नाही? नक्की? खात्री देता?"

"नाही देत," बाई म्हणाल्या.

बायको दचकली.

"आज दिली तर संध्याकाळी पुन्हा मागाल. उद्या दुसऱ्या कुणाकडे मागाल. ही खात्री मागत बसणं हेच तर तुमचं दुखणं आहे. रस्ता ओलांडताना खात्री असते का? तरी ओलांडता ना? मला तुमची भीती वाटत नाही, एवढं सांगते. बाकी विचार येईल. येऊ द्यायचा. त्याच्याशी भांडायचं नाही, त्याला पटवायला जायचं नाही, आणि त्याला भिऊन पळायचं नाही. तुम्ही पळालात म्हणून तो मोठा झाला. आणि पुन्हा पुलाची आठवण झाली तर थेट इथे यायचं. नंबर लावायचा नाही, दार ढकलून आत."

गोळ्या दिल्या. त्यांनी तोंडाला कोरड पडायची आणि सकाळी डोकं जड व्हायचं. काही आठवडे फरक काहीच नाही. घरी पहिला अभ्यास म्हणजे पेटी उघडायची. एक सुरी टेबलावर ठेवायची आणि समोर बसून राहायचं, घाम फुटला तरी उठायचं नाही. पहिल्या दिवशी उस्ताद उठून पळाला आणि मोरीत ओकला. बायको म्हणाली, "उद्या." तिच्या बोलण्यात गोडवा नव्हता. ती दमली होती. धुलाईखान्यातून येऊन ती नवऱ्यासमोर सुरी ठेवायची, आणि स्वतः दाराच्या बाजूला बसायची. असं करत करत सुरी टेबलावरून हातात आली. हातातून भाजीवर आली. मध्येच तो घसरायचा, आठवडाभर काहीही जमायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून.

बाहेर मात्र बोभाटा झाला होता. काकूंनी भिंतीआडून जेवढं ऐकलं होतं त्यात मीठमसाला घालून जिनाभर वाटलं. लोक दुकानात डोकावायचे, उस्ताद बाकावर दिसला की "नंतर येतो" म्हणायचे. कारकून रस्ता बदलून जायला लागला. रेडिओने मात्र दुकान सोडलं नाही. त्याला काय ते उस्तादने स्वतः सांगितलं. ऐकून रेडिओ चक्क गप्प बसला, आणि मग म्हणाला, "माझ्या मनात तर रोज येतं, समोरच्याच्या टकलावर टपली मारावी. सांगितलं नव्हतं कुणाला." ते सारखं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. तरी उस्तादला बरं वाटलं. पुढचा अभ्यास रेडिओनेच काढला: फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि वस्तऱ्याने तो उतरवायचा, नवशिक्यांना शिकवतात तसा. पहिले काही फुगे फुटले. प्रत्येक वेळी फेस आरशावर, रेडिओच्या तोंडावर, छताला.

टिचकी परत आली तेव्हा पूर्वीची राहिली नव्हती. मावशीच्या घरी मोठी माणसं कुजबुजतात ते पोरांना जास्तच ऐकू येतं. आल्या दिवशीच ती आईच्या आडून म्हणाली, "बाबा, तू मला मारणार होतास?"

 "नाही," तो म्हणाला. "मला भीती वाटायची, की मी... मला आजार झाला होता. भीतीचा."

"मावशी म्हणाली की..."

"मावशीला माहीत नाही," आई म्हणाली.

टिचकीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि दप्तर घेऊन आतल्या खोलीत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती भिंतीकडेला, आईच्या पलीकडे झोपायची. बाबा खोलीत आला की तिचं लक्ष त्याच्या हातांकडे जायचं. तो आता हात मागे बांधायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी मना केलं होतं. पण मुलीच्या त्या नजरेपुढे हात उघडे ठेवणं, हे त्याला सुरी धरण्यापेक्षा अवघड गेलं.

थंडी सरत आली होती तेव्हा एका सकाळी तो नानांना म्हणाला, "आज करू."

 नानांनी मान मागे टाकली, तेवढंच.

बायको कामावर जायची थांबली, पण पुढे आली नाही, दाराच्या चौकटीत उभी राहिली. उस्तादने आधी कातरीने दाढी उतरवली. गरम पाण्याचं फडकं दिलं. ब्रशने फेस केला. वस्तरा उघडला, आणि तो आला. त्याच्याच आवाजात, नेहमीपेक्षा मोठ्याने. दाब. आता दाब. उस्तादच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. त्याने हात मागे घेतला नाही. "असशील," तो पुटपुटला, नानांना नाही, त्याला. "बस तिकडे." आणि कानशिलापासून खाली पहिला हात फिरवला.

गळ्यापाशी आला तेव्हा त्याला खालून घरघर ऐकू आली.  वस्तरा उचलून त्याने बघितलं. नाना घोरत होते. उघड्या वस्तऱ्याखाली मान टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, म्हातारा झोपला होता.

उस्ताद तसाच उभा राहिला. आता रडू आलं. डोळे नीट पुसून, हात स्थिर होईपर्यंत थांबून, त्याने उरलेला गळा पुरा केला. फेस पुसल्यावर दाढीखालचा चेहरा दिसला, आणि त्याला धक्काच बसला. गाल आत गेले होते, जबड्याचं हाड वर आलं होतं, कातडी कागदासारखी झाली होती. इतके महिने तो स्वतःच्या मनाकडे बघण्यात इतका गढला होता, की शेजारी बाप विरत चाललाय हे त्याला दिसलंच नव्हतं.

नाना त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. दुसरा झटका आला तेव्हा ते दुपारच्या जेवणानंतर पडलेले होते, फारसा त्रास झाला नाही. तोवर एक दिवसाआड दाढी चुकली नाही. गेलेल्या महिन्यांची भरपाई मात्र झाली नाही, ती व्हायची नसतेच. "त्याला माझी किळस येते" असं मनात धरून बाप कितीतरी दिवस त्या पलंगावर पडून होता, हे उस्तादला अजूनही अचानक आठवतं. भाकड भीतीने घाम फुटतो, ती गोष्ट वेगळी. हे दुःख खरं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते घालवायला गोळी दिली नाही. म्हणाल्या, "हे असू द्या. हे माणसाचं आहे."

दुकान पुन्हा बरंचसं भरायला लागलं, सगळं नाही. विचार गेला का? नाही. कधी महिनाभर फिरकत नाही, कधी सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाला हजर. पण आता तो जिन्यातल्या कुणाच्या तरी भांडणासारखा ऐकू येतो. आवाज येतो, हात चालू राहतात. घरी सुऱ्या स्वयंपाकघरात असतात. बायको रात्री शांत झोपते. तिने कधी, मी तुम्हाला माफ केलं किंवा तुम्ही मला करा, असलं काही म्हटलं नाही. तिचा पाय झोपेत त्याच्या पायावर येतो, तो हलवत नाही.

शाळेला सुट्टी होती त्या दिवशी टिचकी दुकानात आली. केस डोळ्यांवर आले होते. आई म्हणाली होती, रेडिओकाकांकडून कापून घे. ती रेडिओच्या खुर्चीपाशी गेली. तिथे एक जण बसला होता. ती बाकावर बसली. पाय हलवत बसली. उस्ताद आपली खुर्ची पुसत होता, ती रिकामीच होती, पण तो काही म्हणाला नाही. बराच वेळ गेला. रेडिओचं गिऱ्हाईक संपता संपेना, कारण रेडिओच बोलायचा थांबेना.

टिचकी उठली आणि उस्तादच्या खुर्चीत चढून बसली. उंची पुरेना म्हणून त्याने खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकली आणि ती फळीवर चढली. अंगावर कापड बांधताना तिचे खांदे आवळलेले त्याला कळले. त्याने कातर हातात घेतली आणि तिला दिसेल अशी आरशासमोर धरली.

"डोळे मिट," तो म्हणाला. "केस जातील."

तिने आरशातून त्याच्याकडे बघितलं. थोडा वेळ बघत राहिली. मग डोळे मिटले, आधी एक, नंतर दुसरा.

विचार आला. उस्तादने त्याला येऊ दिला, आणि कपाळावरचे केस बोटांत धरून सरळ रेषेत कापायला सुरुवात केली.